टिळ्याखालचा आकडा

आशालताने त्या सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि दिनानाथांनी तो चहा तोंड जराही वाकडं न करता संपवला. तिने स्वतःचा कप ओठाला लावला तेव्हा कुठे तिला कळलं. ओशाळून ती बाहेर ओटीवर आली, तर नवरा झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेला, रिकामा कप मांडीवर. ऐंशी ओलांडल्यापासून दिनानाथांचं असंच झालं होतं. जागे आहेत की झोपलेत, हे झोपाळ्यालाच ठाऊक. चव गेली बिचाऱ्यांची, अशी तिने मनाची समजूत घातली आणि कप उचलून नेला.

विरारजवळच्या वाघोलीत थंडीचे दिवस होते. वाडीच्या मागच्या अंगाला बावखल होतं. आजूबाजूच्या वाड्यांतली अशी जुनी तळी हल्ली एकेक करून बुजत चालली आहेत, पण हे अजून शाबूत होतं, कारण ते दोन घरांच्या सामाईक मालकीचं होतं आणि दोन्ही घरांत ते बुजवायचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. पाण्यावर धुकं बसलेलं. धुक्याच्या पलीकडे रिटाचं घर आहे हे माहीत असणाऱ्यालाच ते दिसत होतं. सोनचाफ्याचा वास वाऱ्याशिवायच इकडे येत होता. अशा सकाळी कोणतं साल चाललंय असं कुणी विचारलं असतं, तर आशालताला पटकन सांगता आलं नसतं.

ओटीवर चटई अंथरली होती आणि चटईवर बंदूक ठेवली होती.

बंदूक दिनानाथांच्या वडिलांनी घेतलेली. पोलिसांनी जुन्या बंदुका लिलावात काढल्या तेव्हा दोन शेजाऱ्यांनी जोडीने जाऊन दोन जुळ्या बंदुका आणल्या होत्या. एक या घरी आली, दुसरी बावखलापलीकडे, रिटाच्या सासऱ्याकडे. चिकू-पेरूंवर उतरणाऱ्या वटवाघळांसाठी, असं परवान्यावर लिहिलं होतं; खरं म्हणजे दोघांनाही मिरवायचं होतं. आता परवाना मुलाच्या, विघ्नेशच्या नावावर करायचा होता. "माझ्या हयातीत होऊ दे," एवढं एकच दिनानाथांनी सांगितलं होतं. अर्जाला जाणकाराचा तपासणीचा दाखला जोडावा लागेल असं विघ्नेशला वकिलाने सांगितलं, म्हणून आज वसुंधराबाई यायच्या होत्या. सरकारी प्रयोगशाळेत बंदुका तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आशालताने चहात मीठ घातलं होतं ते यामुळेच. बंदूक दिनानाथांची होती, पण तिच्यातला बोल्ट त्यांचा नव्हता.

बोल्ट म्हणजे बंदुकीची कडीच. मागे ओढायची, काडतूस घालायचं, पुढे ढकलून खाली दाबायची. हा बोल्ट रिटाच्या नवऱ्याचा, स्टॅनीचा होता. आणि ही गोष्ट आशालताने आयुष्यभर नवऱ्यापासून लपवली होती. त्या नवऱ्यापासून, जो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा, "या घरातल्या सगळ्या किल्ल्या हिच्याकडे. बंदूक तेवढी माझी. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि लावला तर ही मला सांगेल." माणूस आता पिकल्या पानासारखा झालेला. या वयात त्याला हे एका परक्या बाईच्या तोंडून कळावं? तो रागावेल याची तिला भीती नव्हती. तो काहीच बोलणार नाही आणि मग तिच्याकडे बघायचा थांबेल, याची होती.

झालं होतं असं. दिनानाथ आणि स्टॅनी तरुण असतानाचा एक उन्हाळा. बावखलातलं पाणी तळाला गेलेलं. केळींना पाणी कुणी कधी ओढायचं याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, पण त्या वर्षी दोन्ही घरांत पंप आले आणि पाळीला कुणी विचारेना. आधी शब्द झाले, मग आईबाप निघाले, मग एका संध्याकाळी दोघांनीही आपापल्या काठावरून ओरडून सांगितलं की उद्या पंपाला हात लावणाऱ्याला गोळी घालीन. एकत्र पोहायला शिकलेली माणसं ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघंही जेवून आडवे झालेले असताना, बावखलाच्या पायऱ्यांवर दोघी बायका कपडे धुवायच्या निमित्ताने भेटल्या. दोघींच्या बादलीत कपड्यांखाली एकेक बोल्ट होता. नुसता घरात लपवून भागलं नसतं. नवऱ्याने घर उलटंपालटं केलं असतं. पण दुसऱ्याच्या घरात तो मेला तरी पाऊल टाकणार नव्हता. म्हणून दिनानाथांचा बोल्ट रिटाच्या घरी मदर मेरीच्या तसबिरीमागे गेला, आणि स्टॅनीचा बोल्ट आशालताच्या तांदळाच्या डब्यात.

पुढचे काही दिवस वाघोलीने जो तमाशा पाहिला, त्याला तोड नाही. दोघंही पुरुष आपापल्या काठावर बंदूक घेऊन उभे, आणि दोघांच्याही बंदुकीवर मधोमध पंचा गुंडाळलेला. ऊन लागतं हाताला म्हणे! एकाच्याही बंदुकीत बोल्ट नाही, आणि समोरच्याच्या बंदुकीतही नाही हे एकालाही ठाऊक नाही. घरात दोघंही शोधून शोधून थकले, पण बायकोला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर काठावर रिकामी बंदूक घेऊन उभा होतो हे कबूल करावं लागलं असतं. शेवटी गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी पाळ्या पुन्हा लावून दिल्या आणि भांडण निवलं. अबोला तेवढा राहिला.

मग बोल्ट परत करायची वेळ आली. पुन्हा त्याच पायऱ्या, पुन्हा बादल्या. दोघींनी एकाच फेरीवाल्याकडून घेतलेल्या पंचांत बोल्ट गुंडाळून आणले आणि धोंड्यावर शेजारी शेजारी ठेवले. तेवढ्यात आशालताच्या सासूची हाक आली. दोघींनी घाबरून एकेक पुरचुंडी उचलली आणि पळाल्या. घरी जाऊन दोघींनी बोल्ट बसवले. जी पुरचुंडी आणली होती, तीच दोघी परत घेऊन गेल्या होत्या.

हे आशालताला कळलं दसऱ्याला, पूजेसाठी बंदूक पुसताना. बोल्टाच्या दांड्यावर आकडा असतो. शेवटी बासष्ट हवे होते, होते पंच्याण्णव. ती धावत पायऱ्यांवर गेली. रिटाने पाण्याकडे बघत सगळं ऐकलं आणि ती म्हणाली, "राहू दे गो आशा. माझं तुझ्याघरी, तुझं माझ्याघरी. आता कोण कोणाला मारील?"

त्या दसऱ्यापासून दर वर्षी आशालता बंदुकीला कुंकवाचा टिळा लावायची तो नेमका त्या आकड्यावर. तेलात कालवलेलं दाट कुंकू, चांगलं बोटभर. दिनानाथ कौतुकाने बघायचे. दुसऱ्या दिवशी टिळा आदल्या दिवसापेक्षा थोडा पसरलेला, थोडा वाकडा दिसायचा. दमट हवेने पसरतो, असं तिला वाटायचं.

काल ती रिटाकडे गेली होती, बोल्ट परत मिळतो का बघायला. रिटाही आता थकलेली. स्टॅनी जाऊन काही वर्षं झाली होती.

"शर्लीने बंदूक पोलिसांकडं जमा केली नव्हं, बाप गेल्यावर," रिटा म्हणाली. शर्ली तिची मुलगी. "बोल्टासकट गेली, आशा. वितळवली पण असेल आतापर्यंत."

"मग मी आता काय करू?"

"दिनाभाऊंना सांगून टाक."

"इतक्या वर्षांनी? कोणत्या तोंडाने?"

रिटाने आशालताचा हात धरून ठेवला.

वसुंधराबाई आल्या तेव्हा धुकं विरळ होऊन दुधाच्या सायीइतकं उरलं होतं. आखूड कापलेले पांढरे केस, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. विघ्नेश विरारहून त्यांना गाडीत घालून घेऊन आला होता. चहा नको, आधी काम, म्हणून त्या थेट चटईवर मांडी घालून बसल्या. या वेळी डब्यातली साखर चाखून बघून ठेवलेल्या आशालताचा तेवढाच हिरमोड झाला.

"आधी हिची ओळख करून घेऊ," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांनी बोल्ट मागे ओढून बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट बाहेर काढून पंचावर बाजूला ठेवला. कुंकवाने माखलेला तो दांडा बघून त्या हसल्या. "हिची पूजा बरीक जोरात होते तुमच्याकडे."

"आई ना, त्या बाबतीत एकदम स्ट्रिक्ट आहे," विघ्नेश म्हणाला.

वसुंधराबाईंनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. बाळाची टाळू बघावी तशी बोटं फिरवत त्या बोलू लागल्या. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला होता आणि झोपाळ्याची करकर त्यात मिसळत होती. "ही जन्माने पलटणीतली रायफल. हा बघा मुकुट, ही राजाची अक्षरं, हे साल. लढाईसाठीच बनवलेली. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते. पुढे हिची नळी आतून कोरून रुंद केली, सगळे आटे काढून टाकले. दहा गोळ्यांची पेटी होती, तिच्यात लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. छर्ऱ्याचं, हलकं."

"असं का पण? चांगली रायफल खराब केली ना मग?" विघ्नेशने विचारलं.

"पहाऱ्यावरच्या शिपायांना द्यायची होती. जमावाने हिसकावून घेतली, तरी पलटणीची गोळी हिच्यात चालू नये आणि लांबचा माणूस मरू नये, म्हणून." त्यांनी दस्त्यावर बोट घासलं. "खराब केली म्हणू नका. जरा शांत केली. तुम्ही मात्र हिला पॉलिश फासलंय, ते खराब केलंत."

विघ्नेशने मान खाली घातली. गेल्या दिवाळीत कपाटाला मारून उरलेलं पॉलिश होतं ते.

तोंडाशी लाकडाला गेलेला तडा, तो सांधायला कुणीतरी मारलेली पितळेची खीळ, हलवले न गेलेले स्क्रू, असं एकेक त्या सांगत गेल्या. मग नळीत मागून डोळा लावून त्यांनी बंदूक बावखलाच्या दिशेने उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, काय ठेवलीय! बघा तुम्ही पण."

आशालताने भीत भीत डोळा लावला. आत अंधार असेल असं तिला वाटलं होतं. आत नुसता उजेड होता. नळी शेवटपर्यंत चांदीसारखी लखलखत गेली होती, आणि तिच्या टोकाला, चार आण्याच्या नाण्याएवढ्या गोलात, बावखलाचं हिरवं पाणी होतं. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. पायरीवर लाल लुगडं नेसलेली बाई बसली होती, शेजारी बादली. इतक्या लांबून तिचं वय कळत नव्हतं. ती या घराकडेच बघत होती, आणि क्षणभर आशालताला वाटलं की आपली बादलीही तिथेच आहे, आपण निघायला उशीर करतोय, कपड्यांखाली तो जड थंड बोल्ट आहे आणि दुपार अजून संपलेली नाही. डोळ्यात पाणी आलं आणि गोल फुटला.

"तेलाचा वास झोंबला," ती म्हणाली.

"आता आकडे बघू," वसुंधराबाई म्हणाल्या.

नळीवरचा आकडा त्यांनी वाचला. बंदुकीच्या अंगावरचा वाचला. दोन्हींच्या शेवटी बासष्ट. मग त्यांनी बोल्ट उचलला, एका फडक्याला तेल लावलं आणि कुंकू पुसायला सुरुवात केली. आशालताला वाटलं, आत जावं, गॅसवर काहीतरी ठेवावं, काहीही करावं. पण ती तिथेच उभी राहिली. तिने झोपाळ्याकडे पाहिलं. दिनानाथांचे डोळे मिटलेले होते. देवा, झोप लागलेली असू दे, असं ती मनात म्हणाली. फडकं लाल झालं, त्याची घडी बदलली, पुन्हा लाल झालं.

"पंच्याण्णव," वसुंधराबाई म्हणाल्या. "हा हिचा नाही."

"नाही म्हणजे?" विघ्नेश पुढे सरकला. "पप्पांची तर ओरिजिनल आहे. कुणी हातसुद्धा लावला नाही तिला."

वसुंधराबाईंनी पिशवीतून काडतुसाच्या आकाराचा एक पितळी ठोकळा काढला, नळीत बसवला, बोल्ट पुढे ढकलला. दांडा खाली जाईना. ठोकळा काढल्यावर मात्र तो खटकन बसला. "बघा. रिकामी असली की बंद होते. काडतूस घातलं की नाही. या बोल्टाचं डोकं हिला लांब पडतं. प्रत्येक बंदुकीला तिच्या मापाचा बसवतात, दुसऱ्याचा चालत नाही. हिच्यातून तुम्हाला जन्मात गोळी झाडता आली नसती." मग त्यांनी बोल्ट पुन्हा बाहेर काढला. "काळजी हिची नाही. हिचा बोल्ट ज्या बंदुकीत गेला असेल, तिची आहे. तिथे तो तोकडा पडला असणार. ती बंद होणार, उडणारही, आणि काडतूस मागच्या मागे फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येणार. डोळे तरी जातात, नाहीतर माणूस."

आशालताने बावखलापलीकडे पाहिलं.

स्टॅनी. हसरा, नाकावर तीळ असलेला स्टॅनी. दर वर्षी आपण इथे हळूच टिळा लावत होतो आणि तिकडे त्याच्या कपाटात ते मरण उभं होतं. वटवाघळं त्याच्याही झाडांवर यायची. एकदा जरी त्याने चाप ओढला असता! रिटाला आपण काय तोंड दाखवलं असतं? नवऱ्याला वाचवायला निघालेल्या आपण दोघी, आणि आपल्या हाताने... तिला पुढचा विचारही करवेना. तिला स्वतःची शरम वाटली, भीतीही वाटली, इतक्या वर्षांची सगळी एकदम.

"त्याने झाडली नाही," झोपाळ्यावरून आवाज आला.

दिनानाथांचे डोळे मिटलेलेच होते. "मी सांगितलं होतं त्याला."

झोपाळा थांबला होता.

"त्याच वर्षी पावसाळा सरता सरता वटवाघळं उतरली चिकूवर," ते सावकाश म्हणाले, स्वप्न सांगावं तसे. "दसरा होऊन गेलेला. मी काडतूस घातलं, तर कडी बसेना. खिडकीशी नेऊन बघितली. टिळा पुसला. आकडा पंच्याण्णव. म्हटलं, हा तर स्टॅनीचा, त्याच्या बापाने आणली तेव्हा आम्ही दोघांनी पाठ केले होते दोन्ही आकडे. मग कळलं, माझा बोल्ट हरवला होता तेव्हा कुठं गेला होता." ते जरासे हसले. "आणि मग वाटलं, त्याचा मला लांब पडतो, तर माझा त्याला तोकडा पडत असणार. मग कसला अबोला! तसाच गेलो. काठाने नाही, पाण्यातूनच गेलो, कमरेपर्यंत. तो चिकूखाली उभा, काडतूस घातलेलं, वर नेम धरलेला. मी ओरडलो, स्टॅन्या, झाडू नको!"

"मग?" आशालताने विचारलं.

"मग काय. आधी त्याला वाटलं, वटवाघळांवरूनही भांडायला आलाय हा. मग सांगितलं. दोघं खाली बसलो चिखलात. तो हसायला लागला, काही केल्या थांबेना. मला रडू येत होतं. म्हणाला, दिना, बायकांनी आपल्याला जिवंत ठेवलंय, आपण त्यांचं मोडायचं नाही. म्हटलं, बदलून घेऊ या. तर म्हणाला, राहू दे. बंदुका नीट झाल्या तर पुन्हा काठावर उभे राहू."

वरकरणी अबोला असूनही दर पाळीला पाणी वेळेवर कसं यायचं, दर नाताळला पायरीवर झाकलेली टोपली कोण ठेवायचं आणि केळीचा घड तिकडे कसा जायचा, हे आशालताला आता एकदम कळलं. ती इतकी वर्षं समजत होती की हे रिटा करतेय. रिटा बहुधा समजत असेल की आशा करतेय.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" तिने आवाज चढवला. राग होता त्यात, खराखुरा. "मी इतकी वर्षं जीव मुठीत धरून..."

"तू टिळा लावायचीस ना तिथं, किती जपून लावायचीस. ते मोडवेना." त्यांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे बघत होते, थांबले नव्हते. "दर दसऱ्याला तू झोपलीस की मी टिळा पुसायचो, स्टॅनीचा आकडा वाचायचो, आणि मग पुन्हा कुंकू लावून ठेवायचो. मला तुझ्यासारखा गोल जमायचा नाही."

वसुंधराबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या, उगाचच. विघ्नेश पाठ वळवून केळींकडे बघत राहिला.

मग वसुंधराबाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि सरळ सांगितलं की त्या खरं तेच लिहिणार: अंग एकाचं, बोल्ट दुसऱ्याचा, झाडायला अयोग्य. हिच्या मापाचा बोल्ट शोधून बसवता येईल. नाहीतर रीतसर निकामी करून घ्या आणि आठवण म्हणून ठेवा.

"निकामीच करू," दिनानाथ म्हणाले. "पण बोल्ट हाच राहील. स्टॅनीच्या बंदुकीचं एवढंच उरलंय आता." मग बायकोकडे वळून म्हणाले, "पुसलाय तर लाव पुन्हा. कोरडा बरा दिसत नाही."

आशालता आत जाऊन कुंकू आणि तेलाची वाटी घेऊन आली. पण ती चटईपाशी थांबली नाही. ती तशीच मागच्या दारी गेली आणि बावखलाकडे तोंड करून, गेल्या कित्येक वर्षांत मारली नव्हती एवढ्या मोठ्याने हाक मारली, "रिटा! ये गो इकडे! पुढच्या दाराने ये!"

रिटाला काठाने वळसा घालून यायला वेळ लागला. तोवर धुकं पार गेलं होतं. तिला सगळं सांगून झालं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने बोल्ट हातात घेऊन अंगठ्याने आकडा चाचपला, एकदा, दोनदा, आणि मग पदर तोंडाला लावला.

आशालताने वाटीत बोट बुडवलं. टिळा लावला तो आकड्याच्या शेजारी, आकडा मोकळा सोडून.

"आता चहा करते," ती म्हणाली.

"कर," दिनानाथ म्हणाले. "पण या खेपेला साखर घाल."